चौथं नाकं

हाळाजवळच्या खांबावर चढलो
की बोरीचं कोरडं पात्र दिसतं, पलीकडची दादर दिसते,
आणि बाभळीखाली आरबनी कबर.
तिच्यावर नाव नाही. लहानपणी आम्ही
तिच्या उशाच्या दगडाचे स्टंप केले होते.
म्हातारे सांगत, किल्ल्यात चाकरीला होता म्हणे,
पगार थकला म्हणून त्यानं मालकालाच दरवाजा बंद केला,
मग डोंगरातल्या नाईकाशी जमवलं,
मग नाईकाविरुद्ध दुसऱ्याशी.
शेवटी त्याला कोणी मारलं ते कुणालाच नक्की सांगता येत नसे,
मारणारे इतके होते.

तिकडे, यमनात,
सबस्टेशनपासून आमच्या कॅम्पपर्यंत सतरा किलोमीटर
आणि चार नाकी.
पहिल्यावर सरकारचा झेंडा.
दुसऱ्यावर शेखची माणसं, गालात पाला भरून.
तिसऱ्यावर काळ्या कपड्यांतले,
जे एकमेकांशीही हळू बोलत.
चौथ्यावर कोण, हे रोज नव्यानं बघावं लागे.
ड्रायव्हर सालमीन लांबूनच झेंडा ओळखायचा
आणि त्याप्रमाणे कॅसेट बदलायचा.

मी हिलाल दोधू पाटील, तालुका अमळनेर.
आमच्याकडे हिलाल गल्लीत दोन असतात,
अर्थ कोणी विचारत नाही.
मी चंद्राची कोर आहे हे मला
चौथ्या नाक्यावर कळलं.
"हिलाल!" पोरगा हसला,
बंदूक मांडीवर आडवी ठेवून त्यानं खजूर दिला,
आणि पासपोर्टवर पुढचा शब्द वाचेपर्यंत
मी त्याचा भाऊ होतो.
दोधूवर तो अडला.
मीही समजावत बसलो नाही.

ट्रान्सफॉर्मरवर गोळी कोणीच झाडत नसे.
दवाखाना त्याच फीडरवर,
शेखचा बर्फाचा कारखाना त्याच फीडरवर,
काळ्या कपड्यांतल्यांचे फोन रात्री त्यावरच.
शाबानात शेख त्यांच्या बाजूनं लढला,
रमजान संपता संपता सरकारच्या.
मेलेले मात्र बदलून मिळाले नाहीत.
माय फोनवर विचारायची,
"तठे राज कोन करस रे भाऊ?"
मी म्हणायचो, सकाळचं विचारतेस की सांजचं?
ती थोडा वेळ गप्प.
"मंग पगार कोन देस?"
पगार तिसऱ्याच देशातून यायचा. वेळेवर.

आठ महिन्यांत चौथ्या नाक्यावर तीन झेंडे झाले,
अवाद तोच. शर्टही तोच, खिशापाशी शाई सांडलेला.
"तुझ्याकडे शिडी आहे," तो म्हणाला,
आणि शिडी होती, हातमोजेही होते.
मी चढलो. पहिला उतरवला, दुसरा बांधला,
पुढच्या वेळी दुसरा उतरवून तिसरा.
गाठ मी बैलाच्या दाव्यासारखी मारायचो,
ती तिघांनाही आवडली.
खालून दोर धरून अवाद बोलत होता:
त्याच्या आज्याचा आजा हिंदेत गेला, कुठल्याशा राजाकडे
बंदूक घेऊन. दोनदा चांदी आली.
मग काहीच नाही.
मला तेव्हाच बोलायला हवं होतं.
पण हाताखाली झेंडा फडफडत होता,
तोंडात खिळा धरलेला,
आणि कोणाला सांगावं की तुझा माणूस
आमच्या पोरांचा स्टंप आहे?
तसा तो त्याचाच असेल कशावरून.

आम्हाला जहाजानं काढलं. शिडी तिकडेच राहिली.

कधीतरी सालमीनचा निरोप येतो:
पाचवं नाकं झालं, शेख पुन्हा फिरला.
अवादचं विचारलं की तो विजेचं सांगतो,
दिवसाला दोन तास.

गेल्या आठवड्यात इथं खांबावर दिवा बसवला.
वहीत लिहावं लागतं, कशासाठी.
मी लिहिलं, हाळ. रात्री गुरं पाण्यावर येतात.
येत नाहीत खरं तर.
उजेड बाभळीपर्यंत जातो.