जीभ

सोहार बंदरामागे, तिसऱ्या शेडमध्ये
रिफायनरीतून दमून आलेला कॅटॅलिस्ट भाजतात.
काळे दाणे, मोहरीहून थोडे मोठे,
तेलाने माखलेले.
त्यांच्या पोटात व्हॅनेडियम असतो.

मी प्रयोगशाळेत. रात्री बारा ते आठ.
नमुने येतात प्लास्टिकच्या पिशव्यांतून,
वर बॅच नंबर, केळसकरांच्या अक्षरात.
बाकी आकडे इंग्रजी, पण चार ते मराठी काढतात,
हात वळतो म्हणतात, काय करू.
याकूब अल-मामरीला तो आठ वाटतो.
एकदा अख्खी बॅच त्यापायी दुसऱ्यांदा भाजली.

आधी असते पांढरी पूड, वरीच्या पिठासारखी गरीब.
मुशीत तापवली की अमोनिया नाकात चढतो
आणि तळाशी उरतो शेंदूर.
शेंदूर नव्हे. पेंटॉक्साइड.
पण मी गुहागरची, मला वेशीवरचा मारुती दिसतो.
सहाशे नव्वदला वितळतो.
पाण्यात जेमतेम विरघळतो,
तरी पाणी पिवळं करून ठेवतो,
पुरणाच्या हाताने पेला धरावा तसा.

त्याचा सोबती मॉलिब्डेनम वेगळा.
त्याची पूड थंड असताना पांढरी, तापली की पिवळी,
निवली की परत पांढरी.
तो काही मनात ठेवत नाही.

ऑगस्टात केळसकर दारात उभे राहिले,
आत न येता.
मास्क खाली केला. म्हणाले, बाई, जरा बघता?
आणि जीभ काढली.

हिरवी.
विहिरीच्या खालच्या पायरीसारखी.

हे मी शिकले होते, एका ओळीत,
परीक्षेला न येणाऱ्या धड्यात.
दुखतं का?
दुखत नाही. व्हिडिओ कॉलवर हसलो की दिसते.
रेवूला सांगितलंय, इथे रोज पिस्त्याचं आईस्क्रीम देतात.
आता ती विचारते, माझ्यासाठी कधी आणणार.

फिल्टर कधी बदललं?
कंटेनर जेबेल अलीत अडकलाय, स्टोअरवाला म्हणतो.
दोन महिने तेच म्हणतो.
लिहू नका हं बाई. शेडमधून काढतील,
आणि ओव्हरटाइम शेडमध्येच आहे.
आम्ही चौघं आहोत असे.

त्या रात्री, काहीच काम नसताना,
मी पिवळ्या द्रावणात आम्ल ओतलं, जस्ताचा चुरा टाकला.
पिवळा गेला, निळा आला,
निळ्यातून हिरवा,
आणि शेवटी जांभळा, आळूच्या देठाचा.
एकच धातू. कुणी किती हिसकावून घेतलं
त्यावर त्याचा रंग.

मग चुरा गाळून चंचुपात्र उघडं ठेवलं.
जांभळा हवेला टिकत नाही.
आधी हिरवा झाला,
पुढे कधीतरी निळा, आणि तिथेच थांबला.
पिवळ्यापर्यंत हवा त्याला नेत नाही.
तिथवर न्यायला
कुणीतरी मुद्दाम काहीतरी घालावं लागतं.

मी नोंदवही ओढली.
शेड तीन. हिरव्या जिभा.
आणि चार,
मुद्दाम की सवयीने कोण जाणे,
केळसकरांसारखा काढला.

सकाळी याकूबने वाचलं.
आठ? म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.

दुपारच्या नमाजानंतर सगळ्यांना रांगेत उभं केलं,
भट्टीवाले, चाळणीवाले, झाडणारे,
शाळेत नखं तपासतात तसं.
अकरा निघाल्या.
अकरावी याकूबची. त्याने आरशात कधी पाहिलीच नव्हती.

फिल्टर तीन दिवसांत आली, विमानाने.

केळसकर आता गेटवर ट्रकांच्या नोंदी करतात.
जीभ गुलाबी झाली म्हणे, पंधरवड्यात.
ओव्हरटाइम नाही.
माझ्याशी बोलत नाहीत, बस सुटेपर्यंत समुद्राकडे बघतात.

पिशव्यांवर दुसऱ्याचं अक्षर असतं.
चार आता कुणालाच आठ वाटत नाही.