गार असताना मोजू नये

नळी सोडवली तशी
अंगठाभर तेल ओघळून हातमोज्यावर आलं.
काळं नाही, दुधाळही नाही.
मधासारखं स्वच्छ.
जिथून फक्त वाऱ्यानं जायचं
तिथे हे काय करतंय?

"सुपरचार्जर गेला," कोन्राद गिमों म्हणाले,
टोपी न काढता, सरोवराकडे बघत.
ऑक्टोबर. लाक सें-जाँवर अजून बर्फ नाही,
पण पाणी आता कुणाशी बोलत नाही.
"पूर्ण जोर दिला की अडखळते. मागे निळा धूर.
मला कळतं, ओडिल. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत
पंपच ऐकत आलोय."

कळत असेल.
मी इंटरकूलर उतरवून उलटा केला: अर्धा कप.
बरणीत घालून झाकण लावलं,
दवाखान्यात नमुना ठेवतात तसं.
वास घेतला. पेट्रोल नाही.
तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन
तिळ्या भावंडांसारखं, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.
मग सुपरचार्जर काढलाच.
पंखा बोटानं फिरवला, दांडा हलवून पाहिला,
सील कोरडं, वॉशर अख्खे.
जरा निराश झाले, कबूल करते.
त्याचे बाराशे डॉलर झाले असते,
आणि माझ्या शेडला या हिवाळ्याआधी पत्रे हवेत.

तेल गेलं, तूप गेलं, म्हणायची सोय नव्हती.
इथे तेल गेलंच नव्हतं.
आलं होतं.

शेवटी काठी. जी सगळ्यात आधी बघायची असते.
बोट सपाट केली, पाण्याची नळी लावली,
इंजिन तापू दिलं, अर्धं मिनिट नुसतं गुरगुरू दिलं,
बंद केलं.
काठी पुसली, बुडवली, काढली.
वरच्या खुणेपासून दोन बोटं वर.
एवढं पोटात कोंबल्यावर
श्वासाच्या नळीतून नाही तर कुठून बाहेर पडणार बिचारं?

"शेवटचं तेल कुणी घातलं?"
"मी. पहाटे. ट्रेलर उतारावर होता. काठी कोरडी."
तेव्हा ट्रकचं दार उघडलं.
माएल, नात, एकोणीस वर्षांची,
आल्यापासून पहिल्यांदाच खाली उतरली.
"मी पण घातलं. रात्री, मोबाइलच्या उजेडात.
काठी कोरडी होती."
"किती वेळा?"
"दर रविवारी," ते म्हणाले.
"दर शनिवारी," ती.

एक स्वयंपाकघर, एकच दार,
आणि मे महिन्यापासून दोघांत
'मीठ दे' याहून लांब वाक्य झालेलं नाही.
का, ते मला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे,
मी सांगणार नाही.

त्यांना वाटायचं, पोरगी एकटी जाते, बेटाच्याही पलीकडे,
इंजिन सुकं पडलं तर?
तिला वाटायचं, मी मध्येच बंद पडले
तर हाच म्हातारा येणार शोधायला
त्या ठिगळाच्या होडीतून.
त्याला पोहता येत नाही.

मी एवढंच म्हटलं:
गार असताना मोजू नये.
तिरकं असताना मोजू नये.
आधी चालू करायचं, तापू द्यायचं,
मग काठीला विचारायचं.
कोन्रादनी पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं,
'तिरकं' या शब्दाखाली रेघ ओढली.

जास्तीचं तेल ओढून काढलं.
नळ्या पुसल्या, क्लॅम्प आवळले, प्लग बदलले.
तीन तासांचं बिल.
"दोन भागांत करा," ते म्हणाले.
"एकातच," ती म्हणाली.

ट्रेलर वळणावर गेला तेव्हा दिसलं,
डावा मागचा दिवा लागत नाहीये.
हाक मारली, हात हलवला.
काचा वर होत्या.
आत दोघांचे हात हवेत चालले होते,
भांडत असावेत.