चाचणी दोन

परभणीत, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत
कंत्राटी पगारावर
मी माणसांना रकाने वाटायचे.

कुणी बघायचं, कुणी लिहायचं,
कुणी दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचं
आणि रकाना आहे हेच
कुणाला कळू द्यायचं नाही.
साहेब चिठ्ठीवर नावं द्यायचे,
मी चौकोनात खूण करायचे. झालं.
त्या माणसाची नळयोजना तेवढीच.

कार्यकारी अभियंता : सगळं.
उपअभियंता : सगळं, बिलं सोडून.
ठेकेदार काळदाते : काम 'पूर्ण' करण्याचा हक्क.
गौसोद्दीन, वॉलमन : फक्त दर्शक.

गौसभाईंच्या खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी.
दर्गा रोडचा वॉल उलटा फिरतो,
जिंतूर रोडचा अडीच फेऱ्यांनंतर अडतो,
तिथं थोडं थांबायचं, मग परत लावायचा जोर.
हे कुठल्याच नकाशात नाही, म्हणून
आमच्या सॉफ्टवेअरातही नाही.

एका दुपारी फोन माझ्यापुढे धरून म्हणाले,
"मॅडम, हे हिरवं झालंय बगा. काम झालं म्हनायलंय.
आन् तिथं तर पानी येईनाच गेलंय.
खड्ड्यात माझी चप्पल हाय अजून."

म्हटलं, तुम्हाला ते पुन्हा उघडता येत नाही.
"कुलूप हाय का?"
कुलूप नाही गौसभाई.
तुमच्या बाजूनं कडीच बसवलेली नाही.

ते हसले. मग हसायचे थांबले.
चावी घासत गेली फरशीवरून,
तो आवाज मला जेवताना ऐकू येत होता.

साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले,
आज वॉलमनला दिलं तर उद्या शिपाई मागेल.
शिपाई तेव्हा चहाच घेऊन आला होता.
त्यानं कप ठेवला, बशी पुसली.

संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी
मी गौसभाईंच्या नावापुढे एक खूण केली.
एकच.
रात्रीतून तेवीस कामं हिरव्याची लाल झाली.
बावीस कामांपुढे शेरा : पानी नाही.
एका कामापुढे : चप्पल.

सकाळी नोंदवहीत सगळं नीट होतं :
वापरकर्ता र. मुगळीकर, क्रिया हक्कबदल, वेळ ६.१२.
ती नोंदवही मीच सुरू केली होती,
कुणी खाडाखोड करू नये म्हणून.

कुणी ओरडलं नाही. मेमोसुद्धा नाही.
चहानंतर बघते तर माझी बटणं राखी पडलेली,
दाबली तर दाबली जातात,
होत काही नाही.

आता सेलूचा एक पोरगा आहे माझ्या जागी.
फोन करतो, ताई, रकाना कसा लपवायचा?
मी सांगते. शिकवलं की सांगावंच लागतं.
तेवीस कामं एकेक करून हिरवी होताना
मी माझ्या बाजूनं बघितली.
गौसभाईंची चप्पलही
पूर्ण झाली.

एक गोष्ट राहिली.
पहिल्या आठवड्यात, यंत्रणा चालते का ते बघायला
मी दोन खोटी माणसं तयार केली होती.
पहिल्याला काढून टाकलं.
दुसरा राहून गेला : नाव 'चाचणी दोन',
ना मोबाईल, ना पगार, ना रजा,
हक्क : सगळे.
यादीत तिसऱ्या पानावर, अगदी खाली असतो.
हा कोण, असं अजून कुणी विचारलं नाही.
त्याचा पासवर्ड म्हणजे
आमच्या घरच्या नळजोडणीचा क्रमांक.
उघडून बघितलेला नाही मी. खरंच नाही.

काल गौसभाई दारात येऊन थांबले,
चावी भिंतीला टेकवली, पायात नवी चप्पल.
"मॅडम, तुमाला तरी दिसायलंय का?"

दिसतं, मी म्हटलं.
पान तिसरंच उघडं होतं.