कसर

तळघरात, डीप फ्रीझरच्या शेजारी,
मेंढीच्या तंगड्या आणि कॉडच्या पिशव्या जिथे गोठून पडतात,
तिथे होग्नीनं ती काळी पेटी ठेवली.
चार डिस्क. बॅटरी. एक हिरवा दिवा.
म्हणाला, सुन्नेवा, हिला वीज लागते आणि लक्ष लागतं,
आणि गेला ओल्बोर्गला, जहाजांची इंजिनं दुरुस्त करायला.

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
मी एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते.
खोकी मोजली, बर्फ वजा केला, संध्याकाळी ताळा पाहिला.
एक किलो कमी भरला तर मुकादम घरी सोडायचा नाही.
म्हणून पेटीचं काम मला लगेच कळलं:
प्रत्येक तुकड्याचा ताळा ती वेगळा लिहून ठेवते,
आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, रात्री,
सगळं पुन्हा वाचते, अक्षर न् अक्षर,
बेरीज चुकली की शेजारच्या डिस्कला विचारते,
तुझ्याकडे काय लिहिलंय गं?

कारण कसर लागते.
लागताना ती कुणाला दिसत नाही.
कपाट उघडावं तर स्वेटरला भोक पडलेलं असतं.
होग्नी म्हणतो, आकाशातून एखादा कण येतो,
छपरावरचं गवत, तुळया, दोन मजले ओलांडून
एका शून्याचा एक करून जातो.
हे सांगताना तो हसत नव्हता.

फेब्रुवारीतल्या वादळात वीज तीनदा गेली.
तिन्ही वेळा बॅटरीनं पेटीला अलगद निजवलं.
त्या रविवारी पडद्यावर ओळ आली:
एक चूक सापडली, एक चूक दुरुस्त.
फोटो उघडून पाहिला. माल्लामावशीचं लग्न.
अर्धा चेहरा राखाडी व्हायचा होता, तो झाला नाही;
कॉलरवरचा मुरंब्याचा डागसुद्धा जागच्या जागी.
मी उगाचच पेटीवर हात ठेवला.
कोमट होती, धार काढून झालेल्या गाईसारखी.

मग आईची टेप लावली.
आठ मिनिटं. खाडीतले खडक,
होडीच्या वाटेवरचे, उत्तरेकडून दक्षिणेकडे, एकेकाचं नाव.
धुक्यात वल्हवताना तिच्या वडिलांनी पाठ करून घेतलेलं.
आठवं नाव,
मग फर्रर्र, चार सेकंद,
मग दहावं.
पेटीत येण्याआधीच टेप कुरतडलेली होती.

पेटीला विचारलं. म्हणाली, चुका शून्य.
खरंच आहे. दिलं तेवढंच ती जपते.
भोकसुद्धा, डोळ्यांत तेल घालून,
इथे दोन ठिकाणी, आणि तिसरी प्रत ओल्बोर्गला.

होग्नी फोनवर म्हणाला, अंदाजानं घालू या काहीतरी.
‘थोटा’ असेल, नाहीतर ‘म्हातारीचा दात’.
नको म्हटलं.
चुकीचं घातलं तर दर महिन्याला
तेच बरोबर म्हणून तपासलं जाईल.

खिडकीतून तो दिसतो. ओहोटीला
गुडघ्याएवढा वर येतो,
पाणकावळे त्यावर पंख पसरून वाळत बसतात.
त्याचं काहीच बिघडलेलं नाही.

वहीत मी नऊचा आकडा घातलाय, पुढे जागा सोडलीय,
आणि जुन्या सवयीनं पानाच्या तळाशी लिहिलंय:
ताळा जमतो. एक कमी.