साक्षी पत्रा

पाषाणच्या मागं, जिथून रिक्षावाले हाफ रिटर्न मागतात,
त्या फाटकाच्या आत माझी नोकरी.
कागदावर: तंत्रज्ञ, श्रेणी दोन.
खरं म्हणजे मी एक पातळ पत्रा
उजेडासमोर धरते.

चिलखती गाडीच्या दारामागं, वीतभर अंतरावर,
उद्या जिथं कुणाच्या बरगड्या असतील
तिथं आम्ही हा ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करतो.
अर्धा मिलिमीटर. डब्याचं झाकणही याहून जाड.
त्याला म्हणतात साक्षी.
त्यानं नुसतं उभं राहायचं
आणि नंतर खोटं बोलायचं नाही.

सकाळी मुजावरबाई बारूद तोलतात
काचेच्या पेटीत, श्वास रोखून.
त्यांचा भाऊ रविवार पेठेत सोनं तोलतो;
दोघांचे काटे एकाच कंपनीचे.
बंदूक कुणाच्या हातात नसते.
नळी लोखंडी चौथऱ्याला जखडलेली,
कारण हात थरथरतो,
आणि थरथर आम्हाला मोजायची नसते.

जाड पोलादावर कुणी नेम धरत नाही.
ते अडवणारच.
आम्ही शोधतो सांधा:
बिजागरीची फट, कुलपाची खोबण,
काच चौकटीत शिरते तो काळा रबरी काठ.
काकिर्डेसाहेब खडूनं फुल्या मारत जातात
आणि पुटपुटतात, 'मी शत्रू असतो तर...'
हा माणूस घरी मुंग्यांना साखर घालतो.

भोंगा.
टेकडीवरचे मोर आता उडत नाहीत,
माना वळवतात फक्त.
मग तो आवाज. छातीत आधी, कानात नंतर.

त्या मंगळवारी सतरा फुल्या होत्या.
सोळा पत्रे पोचले, फुगले, पण आंधळेच राहिले.
सतरावा मी दिव्यासमोर धरला
आणि माझ्या पांढऱ्या कोटावर
मोहरीएवढा उजेड पडला.

कुणी बोललं नाही.
पंडागळ्यांनी तो जोड दोन रात्री जागून भरलेला.
ते आले, चष्मा कपाळावर सरकवला,
करंगळीचं नख त्या भोकावर ठेवलं.
माझ्या कोटावरचा ठिपका विझला.
नख काढलं, पुन्हा लागला.
'बरं झालं,' ते म्हणाले, 'हितंच झालं.'
आणि चहा सांगायला गेले.
अहवालात दोन शब्द: प्रकाश आरपार.

ही सवय माझ्याबरोबर घरी येते.
लेकाचा रेनकोट, दुधाची पिशवी, बँकेचा लिफाफा,
सगळं मी आधी ट्यूबलाइटसमोर धरते.
परवा नवरा म्हणाला, 'काही नाही गं, थोडा थकलोय.'
मी ते वाक्य धरून बराच वेळ उभी राहिले.
भाजी लागली तळाला.

आज तोच जोड, नव्यानं भरलेला.
आत सीटवरचं प्लॅस्टिक अजून कुणी काढलेलं नाही;
इथं अद्याप कुणी बसलंच नाही.
कुणी म्हणजे कोण, हे आम्हाला कळत नाही कधी.
एखादा लातूरचा असेल, एखादा ईशान्येकडचा,
पाय लांब असतील, गुडघे टेकतील पुढं.
मी पत्रा लावते. दोन बोटं मागं सरकवते,
मग लाज वाटून, पट्टीनं मोजून,
परत जिथल्या तिथं आणते.

भोंग्याला सात मिनिटं आहेत.
पंडागळे बाहेर उभे,
मोरांकडं पाठ करून.