वजा अठरा

रास अल-खैमाच्या बंदरामागे
ज्या शीतगृहाच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात
त्याच्या तिसऱ्या खोलीत, शेरी माशांच्या खोक्यांमागे,
डॉक्टर गादा खूरीची दोन कातडी टांगली आहेत.

खरीखुरी नव्हेत. स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या,
एका अंगाला केस, दुसऱ्याला डिंक.
जुलैत गाडीच्या डिकीत डिंक वितळला,
तेव्हा माझी दाढ कोरता कोरता तिने विचारलं,
तुमच्याकडे थंडी किती असते?
तोंड उघडं. बोटांनीच सांगितलं: एक, आठ.
आणि एक आडवी रेघ, शून्याच्या खाली.

स्की तिच्या बापाच्या.
लेबनॉनच्या डोंगरात तो पहाटे निघायचा,
वर न्यायला ना दोरी, ना पाळणा,
आपल्याच पायांनी चढायचं
आणि उतरताना एकदाच, म्हणे, माणूस हलका होतो.
आता त्या अकराव्या मजल्यावर, कपाटावर,
लिफ्टमध्ये तिरक्या धरून आणलेल्या.

पट्टीवरून तिने माझा हात फिरवला.
पुढे: शेळीच्या पाठीसारखं मऊ.
मागे: पकडलं बोटांना.
म्हटलं, आमच्या अकोल्याकडे याला
घसाऱ्यावरची चाल म्हणतात.
मामा खालून ओरडायचा,
टाच रोव रे, बोटांवर काय नाचतोस!
तिला घसारा समजावताना
टेबलावर साखर ओतली मी, आणि चमचा चालवला.

फेब्रुवारीत एका रात्री खमीसचा फोन.
खमीस आमची डिलिव्हरी व्हॅन चालवतो,
त्याचं घर जैसच्या पोटात, दगडाचं, आजोबांच्या हातचं.
म्हणाला, वर पांढरं झालंय.
पोलिसांनी रस्ता बंद केलाय.
मग थोडा थांबला.
शेळ्यांची वाट कोण बंद करणार?

वादीत उतरायच्या आधी त्याने पाणी हुंगलं.
खरंच हुंगलं, वाकून.
इकडून नाही, म्हणाला,
आणि छोट्या कुऱ्हाडीची काठी टेकत
कोरड्या बांधावरून निघाला, मागे न बघता.
पाऊण तासाने खाली वादी गरजली.
कोणी काही बोललं नाही.
गादाच्या पाठीवर स्कीची टोकं
एकमेकांवर टकटकत होती, दाताला दात लागावेत तशी.

माथ्यावर बर्फ नव्हताच.
गारा होत्या, दोन बोटं, साबुदाण्याएवढ्या,
दगडांच्या बेचक्यांत सांडलेल्या.
खमीस थोड्या शरमेने म्हणाला, रात्री जास्त होत्या.
पाहुण्याला चहा कमी पडावा, तसा.

तिने तरी पट्ट्या लावल्या.
बापाच्या बुटांत दोन मोजे जास्तीचे.
एक पाऊल सरकलं. दुसरं.
गारांखालचा दगड करकरत होता,
ऐकवत नव्हतं मला ते, आणि तिला ऐकूच येत नव्हतं.
आठ पावलं मोजली मी.
नवव्याला खडक.
तिथे ती उभी राहिली, टाच उचललेली,
पुढे सगळं उतरतं, तपकिरी, पार समुद्रापर्यंत,
आणि समुद्रावर आमच्याच बंदरातली एक बोट
तांदळाच्या दाण्याएवढी.

उतरताना स्की खमीसने घेतल्या.
शेळ्या त्याला ओळखेनात.

मी माशांच्या थर्मोकोलच्या डब्यात
ओंजळ-दोन ओंजळ गारा भरून आणल्या.
खोली क्रमांक तीन, कातड्यांखालचा कप्पा.
महिनाअखेरीला मालाची मोजदाद करणारा पोरगा आला,
डबा उघडून बघितला, माझ्याकडे बघितलं.
लिही, म्हटलं.
माल: गारा. वजन: चारशे ग्रॅम.
आला कुठून: वरून.
मुदत?
ती जागा त्याने कोरी सोडली.