नियम सातवा

पार्नूच्या आमच्या बोटदुरुस्तीच्या कारखान्यात
जानेवारीत लोखंड हाताला चिकटतं.
म्हणून नवा पोरगा, तार्मो, पहिल्याच दिवशी विचारतो:
लेथवर हातमोजे का नाहीत?
मी पाटीकडे बोट दाखवते. नियम चौथा,
माझ्याच अक्षरातला, खाली दोन रेघा.
तो म्हणतो, वाचलं. पण का?

एकवीस वर्षं मी इथली फोरमन.
"का"ला माझं उत्तर ठरलेलं: मी सांगते म्हणून.
हेइनोनं मला हेच सांगितलं होतं,
त्याला त्याच्या आधीच्यानं.
उतरंडच ती. तळाच्या मडक्यात काय आहे
ते कुणी पाहिलेलं नाही.

पोरगा उद्धट नव्हे.
हातमोजे मावशीनं विणलेत, मनगटाशी लाल तारे,
आणि बाहेर उणे अठरा.
उघड्या हातानं काम कर म्हणणारा नियम
दुष्टच वाटणार.

मग मी खोक्यातला एक जुना हातमोजा घेते,
चिंध्या कोंबून झाडूच्या दांड्याला बांधते.
मागे हो, सांगते. लेथ सुरू करते.
(हेही नियमात बसत नाही. नववा.)
हातमोज्याचा एक सुटा धागा, एकच,
चकाला शिवतो.

आवाज फार होत नाही.
फडकं फाडल्यासारखा, तोही अर्धा.
दांडा हातातून गेलेला, भिंतीशी दोन तुकडे,
आणि चकाभोवती लोकर अशी घट्ट
जणू तिथेच विणली.

उघडं बोट सोलतं, मी म्हणते, पण सुटतं.
लोकर सोडत नाही.
तिच्यामागे हात जातो, हातामागे खांदा.
तार्मो हातमोजे काढतो,
एकात एक घालून खिशात ठेवतो.
माझा तळवा दोन दिवस चुरचुरत राहतो.

त्या रात्री पाटी उतरवली,
प्रत्येक नियमापुढे पेन्सिलनं कारण लिहायला बसले.
सातव्यावर अडले:
उत्तरेच्या दाराशी बादली ठेवू नये.
तीनदा रंगवलाय मी हा. ओलेव्हचा एक दिवसाचा पगार
कापलाय ह्यावरून.

हेइनोला फोन लावला. तो हसला, मग खोकत राहिला.
अगं, तिथं मुरी बसायची. कुत्री.
पाणी सांडलं की तिच्या अंगाखाली बर्फ व्हायचा.
ती कधी गेली?
तू यायच्या आधीच.

सातवा खोडला. ओलेव्हला ते पैसे
कुठल्या तोंडानं द्यायचे, ते अजून ठरत नाही.

काल तार्मो बादली घेऊन त्या दाराशी थबकला.
ठेव, म्हटलं. नियम गेला.
तरी त्यानं ती दोन हात बाजूला ठेवली.
का रे?
दार आत उघडतं, तो म्हणाला. लागेल.

मी जाऊन दार ओढून पाहिलं.
खरंच, आत उघडतं.
पेन्सिल कुठे ठेवली होती मी?